धार टिकत नाही

६ जानेवारी

ताई,

इतक्या दिवसांनी पत्र बघून दचकू नका, सगळे ठीक आहेत. तुमचा एक कान ग्राइंडरच्या आवाजाने खाल्ला आणि दुसरा अर्धा, त्यामुळे फोनवर मी ओरडते आणि शेजारच्या घरातून उत्तर येतं. म्हणून लिहितेय. शिवाय काम तुमच्याच धार लावायच्या धंद्यातलं आहे.

आमच्या घरातल्या तिन्ही सुऱ्या मेल्या आहेत. टोमॅटोवर ठेवली की तो आधी चेंगरतो, मग गळतो, मग कुठे कापला जातो. तुमच्या आई रोज दुपारी भाजी चिरून ठेवतात हे तुम्हाला माहीतच आहे. हल्ली ती चिरलेली कमी आणि कुरतडलेली जास्त दिसते. एक तुकडा बोटाएवढा, दुसरा नखाएवढा. अर्धी भाजी शिजून विरघळते, अर्धी कच्ची राहते. काही बोलायला जावं तर म्हणतात, "सुरीला धारच नाही, मी काय करू?" खरंच आहे. ज्या बाईने वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांपुरतं चिरलं, तिच्या हाताला कोण नावं ठेवणार?

मागच्या महिन्यात मी सहज म्हणाले, दुकानात चिरलेली भाजी मिळते, ती आणू या का? ताई, असा चेहरा झाला त्यांचा! म्हणाल्या, "आण. ज्या दिवशी माझ्या हातातली सुरी सुटेल, त्या दिवसापासून मी या घरात पाहुणी." पुढे दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मी कानाला खडा लावला.

तर आता धार लावायचं काहीतरी घ्यायचं आहे. दुकानदाराने चार प्रकार दाखवले. एक दगड. एक छोटं खोकं, त्याच्या फटीतून सुरी नुसती ओढायची. एकात सुरी चिमट्यात पकडून दांडीने घासायची. आणि एक विजेवर चालणारं. चारही सर्वात उत्तम आहेत, असं तो म्हणाला. मी दिवसभर रुग्णालयाच्या धोबीखान्यात ओल्या चादरी ओढते, संध्याकाळी उजवं मनगट माझं राहत नाही. घरी येऊन पुन्हा बोथट सुरीशी कुस्ती खेळायची ताकद नाही. तुमचा भाऊ गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतो, पण घरची सुरी म्हटली की नेमका कुणीतरी लिफ्टमध्ये अडकल्याचा फोन येतो.

काय घेऊ, ते एका ओळीत सांगा.

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

एका ओळीत सांगायला मी काय दुकानदार आहे?

ओढायचं खोकं घेऊ नकोस. त्यात दोन कडक पाती फुलीसारखी बसवलेली असतात. ती धार लावत नाहीत, कड ओरबाडतात. पहिल्या दिवशी खूश होशील आणि वर्षभरात सुरीची पट्टी होईल. विजेच्या यंत्राचं माझ्यासमोर नाव काढू नकोस, ते आळशी लोकांसाठी आहे. चिमटा-दांडीचं वाईट नाही, पण ज्याच्या हातात कोन बसत नाही त्याच्यासाठी.

दगड घे. घे काय, मी पाठवतेच आहे, सोबतच्या पुडक्यात बघ. एक बाजू खरखरीत, एक गुळगुळीत. पाण्यात बुडवून ठेव, बुडबुडे थांबले की बाहेर काढ. खाली ओलं फडकं घाल म्हणजे सरकणार नाही. सुरी दगडावर आडवी ठेवून पाठ इतकीच उचल, की खाली दोन नाणी एकावर एक मावतील. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूने बोट फिरवलंस की कडेला बारीकशी कणी हाताला लागेल. ती मुळापासून टोकापर्यंत लागली की बाजू बदल. मग गुळगुळीत बाजूवर हलक्या हाताने कणी काढून टाक. कागद उभा धरून कापून बघ. सर्रकन गेला तर मला आठव, अडकला तर स्वतःला शिव्या घाल.

आणि मला कशाला विचारतेस? घरात आई आहे. मला तिनेच शिकवलं. वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसवायची आणि कोन चुकला की हातावर फटका द्यायची. तिला विचार, खूश होईल.

कशी आहे ती? पूर्वी तुझ्या पत्राखाली दोन ओळी खरडायची, या पत्रात तेही नाही. रागावलीय का माझ्यावर?

बारक्याला सांग, ताई म्हणाली पोट कमी कर, नाहीतर तूच लिफ्टमध्ये अडकशील.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

दगड पोचला. इतका देखणा आहे की त्याला पाण्यात बुडवताना वाईट वाटलं.

आईंना म्हटलं, शिकवा. त्या म्हणाल्या, "डोळे दुखतात माझे. तुझी तू लाव." आणि खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड करून बसल्या. पण माझा आवाज ऐकत होत्या, कारण मध्येच न बघता म्हणाल्या, "कोन चुकला." चुकलाच होता.

रविवारची अख्खी सकाळ गेली, मनगटाने नाकी नऊ आणले, पण ताई, कागद सर्रकन गेला! मी वेड्यासारखी घरातली सगळी जुनी बिलं कापत सुटले. संध्याकाळी टोमॅटोच्या चकत्या केल्या त्या तुमच्या भावाने उजेडात धरून पाहिल्या. मी हसले. कित्येक दिवसांनी हसले असेन.

आणि शुक्रवारी तीच सुरी पुन्हा ठार बोथट. अंगठा फिरवला तरी काही होत नाही. तिन्ही सुऱ्यांचं तेच. आई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते? सुरीच हलकी आहे." माझं काय चुकलं? की हे लोखंडच असं?

आई ठीक आहेत. लिहायचा कंटाळा करतात, बाकी काही नाही. जरा हळू झाल्या आहेत, वयच आहे.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

धार पाच दिवसांत जात नाही. जाते म्हणजे कुणीतरी घालवतं. खरं सांग, काचेच्या ताटात कापता का? सिंकच्या कडेवर? डब्याची झाकणं उचकटता का? चिरलेलं खरवडून पातेल्यात ढकलताना सुरीची कड फळीवर आडवी ओढतेस का? ती सवय तुला आहे, मी पाहिलंय. सुरी उलटी धरून पाठीने ढकलत जा.

लोखंडाला नावं ठेवू नकोस. त्या सुऱ्या मी निवडून दिल्या आहेत.

दुसरं कारण एकच उरतं. तुझा कोन हलतोय. एकदा उभा, एकदा आडवा, त्यामुळे कड जाड राहते आणि वरवरची धार उडून जाते. दिवसभर चादरी ओढून आलेल्या मनगटाकडून कोनाची अपेक्षा करणं ही माझीच चूक. म्हणून चिमटा-दांडीचं पाठवतेय. सुरी चिमट्यात बसव, कोन ठरव, दांडी मागेपुढे कर. डोकं लावायचं काम नाही. हे तुझ्याकडून बिघडलं तर मात्र मी दुकान बंद करते.

आईचं लिहिलंस ते एका ओळीत उरकलंस. हळू म्हणजे काय? चालायला की बोलायला? बोलायला हळू झाली असेल तर सगळ्यांना पेढे वाट.

ताई


८ मार्च

ताई,

मी हात टेकले.

तुमचं दांडीचं यंत्र लावलं. तुमच्या भावाने एका रविवारी माझ्या समोर बसून ते जोडलं, स्क्रू उरले नाहीत, म्हणजे बरोबरच जोडलं असणार. कड अशी सरळ चमकत होती की आईंनी सुद्धा मान वळवून पाहिली. बुधवारी सुरी पुन्हा मेलेली.

मग मी तुमच्या भावावर घसरले. म्हटलं, वायर सोलायला घेतोस, रंगाचे डबे उघडायला घेतोस, माझ्यापाशी कबूल कर. तो म्हणाला, मी तुझ्या सुऱ्यांना हात लावत नाही, मला भीती वाटते. मी म्हटलं, मग काय सुरी आपोआप झिजते? तोही चिडला. दोघंही दमलेले होतो, नको ते बोललो. आई आपल्या खोलीत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

त्याच रागात मी कोबी कापायला घेतला. बोथट सुरीवर जोर दिला, ती घसरली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. टाके पडले. आता ओल्या चादरी एका हाताने ओढते. मुकादमबाई म्हणतात, सुट्टी घे. सुट्टी घेऊन घरी काय करू, सुऱ्यांना धार लावू?

आई धावत आल्या होत्या. फडकं घेऊन माझा हात दाबून धरला. इतक्या पांढऱ्या पडल्या की मलाच त्यांना सांगावं लागलं, अहो मी ठीक आहे.

मी आता विजेचं घेणार आहे. आळशी तर आळशी.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

काहीही घे, पण आधी एक बोथट झालेली सुरी मला पाठव. धुऊ नकोस, पुसू नकोस, धार लावू नकोस. जशी आहे तशी पुठ्ठ्यात गुंडाळून टाक पोस्टात. मला भिंगाखाली बघायची आहे. तीस वर्षं हा धंदा केलाय, एक घरगुती सुरी मला चकवते म्हणजे काय?

हाताची काळजी घे. सुट्टी घे.

ताई


२९ मार्च

ताई,

सुरी पाठवली होती, मिळाली असेल. बुधवारी मेल्या होत्या त्यातलीच मधली.

आणि आता आनंदाची बातमी. विजेच्या यंत्राने माझ्यावर उपकार केले. तुम्ही रागवाल, पण ऐका. सुरी फटीत घालायची, घुर्रर्र, दुसऱ्या फटीत घालायची, घुर्रर्र, झालं. एका हाताने होतं. चहा उकळेपर्यंत दोन्ही सुऱ्या तयार. आणि मुख्य म्हणजे धार टिकतेय! दहा दिवस झाले, तशीच आहे. तुमचा दगड हरला, तुमची दांडी हरली. घुर्रर्र जिंकलं.

घरातही शांत आहे. आईंनी भाजी चिरणं आपणहून सोडलं. "कंटाळा आला," म्हणाल्या. "आता तूच चीर, तुझ्या सुऱ्यांना धार आली आहे." मी जपून विचारलं, चिरलेली आणू का? तर म्हणाल्या, "आण की." मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. तो प्रश्न इतका अवघड होऊन बसला होता आणि किती सहज सुटला. आता त्या खोलीतच असतात बऱ्याच वेळा. जेवायला हाक मारली की येतात. चिरलेल्या भाजीचे तुकडे सगळे सारखे असतात, एकदम शिजतात.

अंगठा बरा होतोय.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

सुरी आली. परवापासून माझ्या टेबलावर आहे. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय, तेव्हा नीट वाच आणि बारक्याला एवढ्यात सांगू नकोस.

धार वापरून गेली तर कड वळते, दुमडते, बारीक खड्डे पडतात. या सुरीला तसलं काही नाही. कड सपाट केलेली आहे. सुरी उभी धरून सिमेंटसारख्या कशावर तरी ओढली आहे, पुन्हा पुन्हा. मुठीपाशी फटीत राखाडी पूडसुद्धा सापडली. म्हणजे मुद्दाम.

मला आधी वाटलं बारक्या असेल. मग मी दिव्याखाली कडेची सपाटी पाहिली. ती सारख्या रुंदीची नाही. रुंद, अरुंद, रुंद, अरुंद, अशी मुळापासून टोकापर्यंत. पात्याच्या अंगावर पडलेले ओरखडेसुद्धा नागमोडी आहेत. माझ्या यंत्राचा बेअरिंग खराब झाला की पात्यावर असंच उमटतं. इथे यंत्र नव्हतं, हात होता. तो हात थरथरतो.

बारक्याचा हात थरथरत नाही. तुझा थरथरत असता तर दगडावर कागद कापणारी धार लागली नसती.

वहिनी, आईचा हात कधीपासून थरथरतोय?

डोळे दुखतात म्हणून दगड हातात घेतला नाही. कंटाळा आला म्हणून पत्रात दोन ओळी नाहीत. आणि मी मूर्ख तिच्या घरी एकावर एक धारेची साधनं पाठवत होते. तिला धारेची भीती वाटत असणार. धारदार सुरी थरथरत्या हातात म्हणजे आज ना उद्या बोट कापणार, आणि बोट कापलं की तुम्ही सुरी काढून घेणार. बोथट असली की कापायची भीती नाही आणि तुकडे वेडेवाकडे झाले तर दोष सुरीचा. तू रविवारी धार लावायचीस आणि ती दुपारच्या एकांतात घालवायची. रोज थोडी थोडी. एका सुरीवर दोन बायका राबत होत्या.

तिच्याकडून सुरी काढून घेऊ नकोस. बाकी काही कर, ते करू नकोस.

ताई


९ एप्रिल

ताई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुम्ही लिहिलंत काढून घेऊ नकोस, तोवर माझं हायसं वाटल्याचं पत्र तुमच्याकडे निघालं होतं. त्याची मला इतकी लाज वाटते की काय सांगू.

हात दीड वर्षापासून थरथरतो. डॉक्टर म्हणतात एकदम वाढणार नाही आणि बराही होणार नाही. गोळ्या चालू आहेत. आईंनी मला शपथ घातली होती, ताईला कळू द्यायचं नाही. "ती धंदा टाकून येईल आणि माझा हात धरून बसेल." मी ताकास तूर लागू दिली नाही, कारण मला वाटलं, कप दोन्ही हातांनी धरतात, पेन धरत नाहीत, एवढंच आहे. सुरीचा विचार डोक्यात आलाच नाही. भाजी त्या मी कामावर असताना चिरायच्या. मी परत येईपर्यंत टेबल पुसलेलं, सुऱ्या धुऊन उभ्या ठेवलेल्या. मी तो हात सुरीवर कधी पाहिलाच नव्हता.

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर वाकून पाहिलं. बाहेरच्या सिमेंटच्या पट्टीवर राखाडी चकचकीत रेघा आहेत. एकही सरळ नाही. मी तिथेच उभी राहून रडले. पातेलं करपलं.

मग कळलं की धार का टिकतेय. माझ्या यंत्राचा काही पराक्रम नाही. माझा अंगठा कापला त्या दिवशी त्यांनी सुऱ्या बोथट करणं सोडलं. आणि धारदार सुरी हातात घेता येत नाही, म्हणून चिरणंही सोडलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. माझा हात वाचावा म्हणून त्यांनी आपलं काम सोडलं आणि मी त्यांना विचारलं, चिरलेली भाजी आणू का.

काल त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी जरा पाणी घेऊ का?" स्वतःच्या घरात. ताई, पाहुणे विचारतात तसं विचारलं त्यांनी.

मी काल ड्रॉवरमधून एक जुनी बोथट सुरी काढून त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, या, बसू या. त्यांनी सुरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "दया करतेस?" आणि आत गेल्या. आता काय करू, मला सुचत नाही. मी फार दमले आहे.

वहिनी


२० एप्रिल

वहिनी,

तुझ्यावर रागावले होते, चार दिवस. पाचव्या दिवशी राग उतरला. शपथ तिने घातली, तू पाळलीस, मी तुझ्या जागी असते तर मीही पाळली असती. मी बॅग भरली होती, पुन्हा रिकामी केली. आत्ता आले तर तिला कळेल तू सांगितलंस, आणि मग तुमच्यातलं उरलंसुरलंही जाईल.

सोबत एक सुरी पाठवतेय. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम बोथट सुरी केली. दुकानातली माणसं बघत होती, बाईंना झालंय काय. पातं दुप्पट पातळ केलं, म्हणजे गाजरातसुद्धा अडकणार नाही. कड मात्र गोल केली आणि टोकही. स्वतःच्या तळहातावर दाबून ओढून पाहिली, पांढरी रेघ उमटते, रक्त नाही. मुठीत पितळ भरलंय, हातात घेतलीस की कळेल किती जड आहे. जड पातं यंत्रावर कमी थरथरतं, हातातही कमी थरथरावं असं माझं गणित. तू ड्रॉवरमधली सुरी दिलीस ती चुकीची होती. तिने भाजी चिरली जात नाही, चेंगरते, आणि ते तिला कुणापेक्षाही जास्त कळतं.

तिला असं सांग की विजेचं यंत्र बिघडलं आणि ताईने तोवर वापरायला ही पाठवली. खोटं आहे, पण चालेल.

आणि तू मला पहिल्या पत्रात विचारलं होतंस, त्याचं उत्तर बदलतेय. घरासाठी सगळ्यात चांगलं साधन कोणतं? थकलेलं माणूस जे खरोखर वापरेल ते. तुझं घुर्रर्र राहू दे. आळशी म्हणाले ते मागे घेते.

ताई


६ मे

ताई,

सुरी आली. तुमचं खोटंही मी सांगून पाहिलं.

संध्याकाळी कामावरून आले, पिशवी ठेवली, सुरी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "यंत्र बिघडलंय आई, ताईंनी तोवर ही पाठवलीय." त्यांनी सुरी उचलली. मूठ तोलून पाहिली. कडेवरून अंगठा फिरवला, टोकापर्यंत, सावकाश. मग म्हणाल्या, "यंत्र बिघडलेलं नाही. दुपारी मी लावून पाहिलं. आणि इतकं सुबक बोथट चुकून होत नाही. काय सांगितलंस तू तिला?"

मी म्हटलं, सगळं.

"मग आता दोघी मिळून दया करा." आणि सुरी माझ्याकडे सरकवली.

ताई, माझं काय झालं मला माहीत नाही. त्या दिवशी धोबीखान्यातलं एक यंत्र बंद होतं, आम्ही अर्ध्या चादरी हाताने पिळल्या होत्या. अंगठा ठणकत होता. मी तिथेच खुर्चीत बसले आणि ओरडलेच. म्हटलं, "हो, दया करा! पण तुमच्यावर नाही, माझ्यावर करा. मी मेटाकुटीला आलेय. पहाटे उठते, दिवसभर ओढते, संध्याकाळी येऊन पुन्हा उभी राहते. तुम्ही वेडेवाकडे तुकडे करून ठेवायचात ना, तेव्हा मला निदान घरात शिरल्यावर टेबलावर काहीतरी तयार दिसायचं. कुणीतरी माझी वाट बघत काम करत होतं असं वाटायचं. आता पिशवी फाडून सारखे तुकडे ओतते आणि एकटी उभी असते. मला तुमची सोबत हवी आहे. हात थरथरतो तर थरथरू दे. माझं मनगट तरी कुठे धड आहे?" आणि मी रडायला लागले. आईंसमोर मी कधी रडले नव्हते. मला वाटलं आता उठून आत जातील.

त्या उठल्या. टोपलीतून गाजरं काढली, फळी घेतली, माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "डोळे पूस. कांदा अजून घेतलाही नाही आणि रडतेस."

मग त्यांनी चिरायला घेतलं. हात पदराआड लपवला नाही. मी पहिल्यांदाच तो सुरीवर पाहिला. चांगला थरथरतो, ताई, तुम्हाला खोटं सांगत नाही. पण तुमची जड मूठ हातात घेतली की निम्मा होतो. सुरी गाजरात जाते, थांबते, पुन्हा जाते. त्या ओठ घट्ट मिटून, एकेक तुकडा बाजूला करत होत्या. मी मध्ये बोलले नाही, मदतही केली नाही. बटाटे सोलत बसले. एका गाजराला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी सगळे बटाटे संपवले असते, पण मीही हळू सोलले. तुमचा भाऊ आला, दारातच थांबला, दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता हात धुवायला गेला. शहाणा झालाय हल्ली. जेवताना एक गाजर कच्चं लागलं त्याला, त्याने तोंड उघडलं. आई म्हणाल्या, "चावून खा."

भांडी आवरताना त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. विचारलं, "उद्या किती वाजता येशील?"

म्हटलं, "सहाला."

"मग मी तीनला बसते," त्या म्हणाल्या. "माझा हात आता हळू चालतो."

ताई, दीड वर्षात हे त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने म्हटलं. तुम्ही आता या.

तुमची,
वहिनी